परवाना आणि कसब



प्रयोगशाळेंतील मुक्या प्राण्यांविषयीं वाद निघाला म्हणजे, असे प्रयोग करावे कीं करूं नयेत, हा एकच प्रश्न बहुधा पुढें येतो. प्रश्न मोठा आहे. एका छोट्या भाषणांत तो सुटण्यासारखा नाहीं. मी आज त्याहून धाकट्या प्रश्नाकडे आपलें लक्ष वेधणार आहें. प्राण्याच्या दृष्टीनें मात्र तो अगदीं निकटचा आहे. जो मनुष्य हातांत सुई किंवा शस्त्र धरतो, त्याला तें धरावयास शिकविलें कोणीं, आणि तो तें शिकला याची खात्री करून घेतली कोणीं? अशा प्रयोगांना परवान्याचें बंधन इंग्लंडनें सर्वांच्या आधीं घातलें. परंतु या प्रश्नाचें उत्तर द्यावयास त्या देशालाही शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शस्त्राखालीं मनुष्याचीही वेदना अटळ होती. १८४६ सालीं ईथर आणि १८४७ सालीं क्लोरोफॉर्म यांचा उपयोग शस्त्रक्रियेंत सुरू झाला, आणि वेदना टाळतां येते हें सिद्ध झालें. टाळतां येणारी वेदना न टाळणें हा मग दोष ठरूं लागला. १८७३ सालीं बर्डन-सँडरसन यांनीं संपादिलेलें, शरीराच्या व्यापारांचा प्रयोगशाळेंत अभ्यास कसा करावा हें सांगणारें एक पुस्तक निघालें. तें नवशिक्यांकरितां होतें. परंतु प्राण्याला गुंगी केव्हां व कशी द्यावी याविषयीं त्यांत पुरेसें मार्गदर्शन नव्हतें. त्यावरून मोठा क्षोभ उसळला, आणि १८७५ सालीं राजनियुक्त चौकशीमंडळ बसलें. त्या पुस्तकाच्या लेखकांपैकीं एक, डॉ. क्लाइन, यांनीं मंडळापुढें सरळ सांगितलें कीं, आपण गुंगी देतों ती मुख्यतः स्वतःच्या सोईसाठीं, जनावरानें चावूं-ओरबाडूं नये म्हणून. चार्ल्स डार्विन यांनीं, असे प्रयोग शास्त्राला अवश्य आहेत असें म्हणूनही, गुंगी देतां येत असतां ती न देणें तिरस्करणीय होय, असा स्पष्ट अभिप्राय दिला.

१५ ऑगस्ट १८७६ रोजीं कायदा मंजूर झाला. पृष्ठवंशी प्राण्यावर यातनादायक प्रयोग करावयाचा तर गृहमंत्र्याचा परवाना हवा. अर्जावर एखाद्या मान्य विद्वत्संस्थेच्या अध्यक्षाची व एका प्राध्यापकाची सही हवी. प्राण्याला गुंगी द्यावी, आणि वेदना पुढें राहण्याचा संभव असल्यास शुद्धीवर येण्यापूर्वींच त्याचा अंत करावा, असे मुख्य निर्बंध होते. यांतून सूट हवी असल्यास निरनिराळे दाखले मिळवावे लागत. पहिल्या अपराधाला पन्नास पौंडांपर्यंत दंड होता.

याच कायद्यांत आणखी एक कलम होतें : केवळ हाताचें कसब मिळविण्यासाठीं जिवंत प्राण्यावर प्रयोग करूं नये. या कलमाच्या पाठीमागें दया होती. फ्रान्समध्यें आल्फोर येथील पशुवैद्यकशाळेंत विद्यार्थी जिवंत घोड्यांवर शस्त्रक्रियांचा सराव करीत, आणि ती वार्ता इंग्लंडांत पोंचून लोक हळहळले होते. तसें आपल्या देशांत होऊं नये हें योग्यच होतें. परंतु नवख्यानें मग शिकावें कसें, हें कायद्यानें सांगितलें नाहीं. मृत प्राण्यावर हात बसवावा, वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाच्या शेजारीं उभें राहून पाहावें, एवढाच मार्ग उरला. गुरु चांगला मिळाला तर शिष्य तयार होई. न मिळाला तर त्याची उणीव प्राणी भोगी. सही करणारे दोघे मोठे विद्वान् असत. पण अर्जदाराला ससा नीट उचलतां येतो काय, हें सांगण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, शिक्षणाची व्यवस्था आधीं झाली ती शास्त्रज्ञांच्या नव्हे, तर पिंजरे झाडणाऱ्यांच्या बाबतींत. १९४७ सालीं प्राणिहितासाठीं झटणाऱ्या एका विद्यापीठीय संघानें प्रयोगशाळेंतील प्राण्यांच्या निगराणीचा ग्रंथ काढला. १९५० सालीं प्राणिपालक सेवकांनीं आपली संस्था स्थापली, आणि पुढें तिच्या परीक्षा व प्रशस्तिपत्रें सुरू झालीं. १९५९ सालीं रसेल व बर्च या दोघांनीं तीन तत्त्वें मांडलीं : प्राण्याऐवजीं दुसरें साधन योजावें, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि यातना कमी होतील अशी रीति सुधारावी. यांतील तिसरें तत्त्व सर्वस्वीं हातावर अवलंबून आहे. चुकीच्या रीतीनें धरलेला उंदीर भितो. भीतीनें त्याच्या हृदयाची गति व रक्तांतील द्रव्यें पालटतात. आणि मग प्रयोगाचा निष्कर्षही बिघडतो. म्हणजे अनाडी हात दया आणि विद्या या दोहोंचाही घात करतो.

जुना कायदा जाऊन नवा आला तो १९८६ सालीं, बरोबर एकशें दहा वर्षांनीं. त्यानें व्यक्तीला, प्रयोगाच्या योजनेला आणि स्थळाला अशी निरनिराळी मान्यता आवश्यक केली, आणि प्राण्यांच्या देखभालीस जबाबदार माणसें व पशुवैद्य नेमावयास लावले. त्यानंतरच्या दशकांत, व्यक्तिगत परवान्यासाठीं आधीं ठराविक शिक्षण घेणें सक्तीचें झालें. पुढें युरोपीय संघाच्या २०१० सालच्या आदेशानें याहून मार्मिक अट घातली : मनुष्यानें शिक्षण घेतलें एवढ्यानें भागत नाहीं, त्याची पात्रता प्रत्यक्ष दिसून येईपर्यंत त्यानें दुसऱ्याच्या देखरेखीखालींच काम करावें.

आपल्या देशांतील १९६० सालच्या प्राणिक्लेशनिवारक कायद्यांतही, केवळ हस्तकौशल्य मिळविण्यासाठीं शक्यतों प्रयोग होऊं नयेत, हें जुनें तत्त्व उतरलें आहे. तें पाळावयाचें तर शिक्षणाचा दुसरा मार्ग हवा. कृत्रिम नमुने, मृत प्राणी, अनुभवी शिक्षकाची देखरेख आणि त्यानंतर परीक्षा, हाच तो मार्ग होय.

शाळेंत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या इतिहासांत ओळखीचें असें पुष्कळ दिसतें. प्रशस्तिपत्र हें शिक्षणाचें फळ असावें, त्याची जागा घेणारें नसावें. मुलाला शिकविण्यांत हयगय झाली तर त्याचे आईबाप जाब विचारावयास येतात. पिंजऱ्यांतील प्राण्याच्या वतीनें विचारावयास कोणी येत नाहीं. म्हणूनच तेथें परीक्षा अधिक कडक असली पाहिजे.