पदाच्या माथ्यावरचा राग

अंबाजोगाई म्हटले की मराठीच्या अभ्यासकाला दोन नावे आठवतात : मुकुंदराज आणि दासोपंत. दासोपंतांचे (शके १४७३ ते १५३७) नाव निघाले की पाठोपाठ येते ती पासोडी. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ओव्या आणि आकृत्या यांच्या साहाय्याने त्यांनी 'पंचीकरण' मांडले. 'गीतार्णवा'च्या सव्वा लाख ओव्या, रोज ढब्बू पैशाची शाई संपत असल्याची आख्यायिका, अशा विस्ताराच्या गोष्टी आम्ही वर्गात रंगवून सांगतो. या विस्ताराच्या छायेत एक गोष्ट मात्र झाकली जाते. दासोपंत पदकारही होते. 'पदार्णवा'तील पदे गाण्यासाठी रचलेली आहेत आणि त्यांच्या माथ्यावर रागांची नावे आहेत.

येथे एक कबुली द्यायला हवी. बीड जिल्ह्यात मराठी शिकवणारे आम्ही, विद्यार्थ्यांसाठी या पदांच्या प्रती काढताना रागाची ओळ वर्षानुवर्षे गाळत आलो. अर्थाशी तिचा संबंध नाही, परीक्षेत ती विचारली जात नाही, ही आमची कारणे. ती कारणे किती तोकडी होती, हे आम्हांला एका परदेशी वाद्याच्या इतिहासाने दाखवून दिले.

त्या वाद्याचे नाव व्हायोला द गाम्बा. इटालियनमध्ये 'गाम्बा' म्हणजे पाय. हे तंतुवाद्य दोन्ही पायांच्या मध्ये धरून गजाने वाजवतात. त्याला बहुधा सहा तारा असतात आणि सतारीसारखे पडदेही, मात्र ते आतड्याच्या तातीचे, गळ्याभोवती बांधलेले. दासोपंत अंबाजोगाईत पदे रचत होते, त्या काळात इंग्लंडमधील घरांत चार-पाच जण एकत्र बसून या वाद्यांवर संगीत वाजवत. ते भव्य सभेसाठी नव्हते. खोलीत बसून वाजवण्याचे आणि ऐकण्याचे होते. पुढे बरोक काळात फ्रान्सच्या मारँ मारे (१६५६-१७२८) याने १६८६ ते १७२५ या काळात या वाद्यासाठी पाच संग्रह छापले. अठराव्या शतकात चेलो पुढे आला, गाम्बा मागे पडले. १७८७ साली लंडनमध्ये कार्ल फ्रीडरिश आबेल वारला, तेव्हा त्या वाद्याचा शेवटचा मोठा वादक गेला असे मानले जाते.

नंतर सुमारे शंभर वर्षे हे संगीत ग्रंथालयांत पडून होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्नोल्ड डोल्मेच याने लंडनमधील जुन्या प्रती बाहेर काढल्या, वाद्ये दुरुस्त केली, नवी घडवली. हा शोध अजून संपलेला नाही. टेलेमान याने १७३५ साली एकट्या गाम्बासाठी बारा फँटसी प्रसिद्ध केल्या होत्या. त्या हरवल्या असेच सारे समजत होते. २०१५ मध्ये जर्मनीतील लेडेनबुर्ग संग्रहात त्यांची छापील प्रत सापडली आणि पुढच्याच वर्षी त्या पुन्हा प्रसिद्ध झाल्या.

आमच्याकडेही असेच एखादे बाड सापडेल, अशी आशा या हकिगतीने वाटू लागते. पण दोन्हींकडची उणीव एकसारखी नाही. टेलेमानच्या कागदावर स्वर लिहिलेले होते. हरवली होती ती वाजवणाऱ्यांची परंपरा. गज कसा धरावा, अलंकार कसा घ्यावा, हे जुने ग्रंथ वाचून नव्याने शिकावे लागले. दासोपंतांच्या पदांची स्थिती नेमकी उलटी आहे. शब्द आहेत, रागाचे नाव आहे, स्वर लिहिलेले नाहीत. मात्र राग गाणाऱ्यांची परंपरा तुटलेली नाही.

स्वर का लिहिले नाहीत? लिहिता येत नव्हते म्हणून नव्हे. याच मराठवाड्यात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात स्वरलेखन आहे. दासोपंतांचा समकालीन, विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा, त्यानेही 'किताब-ए-नवरस'मधील गीतांवर रागांची नावेच दिली. आम्हांला वाटते, दख्खनच्या या गीतपरंपरेत रागाचे नाव ही गायकाला केलेली सूचना होती. एवढ्या मर्यादेत राहा, पुढचे तुझ्या गळ्यावर सोपवले आहे, असा तिचा आशय असावा.

येथे सावध राहणेही आवश्यक आहे. रागाचे नाव टिकते, रूप बदलते. लोचन पंडिताच्या 'रागतरंगिणी'तील तोडीचे स्वर आजच्या भैरवी थाटाशी जुळतात. तेव्हा पदावरचे रागनाम पाहून आजच्या बंदिशीच्या चालीवर ते बसवायचे आणि 'दासोपंतांची मूळ चाल' म्हणून सादर करायचे, हा अप्रामाणिकपणा ठरेल. परंतु मूळ चाल मिळत नाही म्हणून रागनामच पुसून टाकणे, हा त्याहून मोठा अपराध. आणि तो आम्ही केला आहे.

कारण रागनाम गेले की पदाचे वाचनच बदलते. ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते, ते कागदावर पुनरुक्ती वाटते. गाताना तेच पुनरागमन प्रत्येक वेळी निराळा अर्थ घेते. शेवटी येणारी 'दिगंबरानुचर' ही नाममुद्रा वाचताना केवळ सही वाटते. गाणाऱ्याच्या तोंडी ती येते तेव्हा क्षणभर तोच दत्ताचा अनुचर होतो. पदाची आशयमीमांसा करताना आम्ही अद्वैत आणि दत्तभक्ती यांविषयी पुष्कळ बोललो, पण हे पद कोणाच्या तोंडी, कोणत्या वेळी, कोणत्या दालनात उभे राहत होते, हा प्रश्न विचारला नाही.

यापुढे निदान एवढे करायचे आम्ही ठरवले आहे. पदाची प्रत देताना रागाची ओळ पदासोबतच छापायची. ज्या घरांत जुनी पदे आजही म्हटली जातात, तेथे जाऊन, गाणाऱ्यांच्या संमतीने, ती ध्वनिमुद्रित करायची आणि गायकाचे नाव, गाव, वर्ष नोंदवायचे. ती चाल दासोपंतांची आहे असा दावा करायचा नाही. ती त्या घराची, त्या वर्षाची आहे एवढेच लिहायचे. कागद चारशे वर्षांनीही एखाद्या संग्रहात सापडू शकतो. घरातल्या वृद्ध गळ्याच्या बाबतीत मात्र इतकी वाट पाहता येणार नाही.