आगलाव्या

फाल्गुन-चैत्रात पाचगणीच्या टेबललँडखालचे उतार आणि पसरणी घाटातील वाळके गवत पेटले, म्हणजे सर्वांच्या मुखी ‘वणवा’ हा कर्त्याला पडद्याआड ठेवणारा शब्द येतो. वस्तुतः जाळल्याने पुढील साली गवत जोमाने येते, या समजुतीने काडी ओढणारा कोणी इसम पुष्कळदा त्यामागे असतो, आणि गवताच्या बुंध्याशी घातलेली चंडोलाची अंडी तो गवतासह जाळीत असतो. त्याच्यासाठी मराठीत ‘आगलाव्या’ हा नेमका शब्द आहे. ‘आग’ हे ‘अग्नि’चे प्राकृतातून उतरलेले रूप, ‘लाव्या’ म्हणजे लावणारा. ‘कळलाव्या’ त्याचा सख्खा भाऊ, आणि बहुधा त्याच्याच संगतीने भांडणे पेटविणारा हा अर्थ बळावून मूळ फौजदारी अर्थ मागे पडला. धर्मशास्त्राने सहा आततायींत, म्हणजे घोर अपराध्यांत, ‘अग्निद’ म्हणजे आग देणारा गणला. परंतु मराठीत अग्नी देणे हे पुत्राचे अंत्यकर्तव्य असल्यामुळेच तो शब्द येथे रुळला नसावा. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये राखीव वनास आग लावणे हा गुन्हा आहे. तेव्हा डोंगर पेटविणाऱ्यास आगलाव्या म्हणण्याचा संकोच वाचकांनी सोडावा.