मोझांबिक बेट: पाऊस एकच, गावं दोन

आज आपण जाणार आहोत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या एका चिमुकल्या बेटावर. नाव मोझांबिक. हो, बेटाचंच नाव. देशाला ते बेटावरून मिळालं. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी फार तर अर्धा. आता मुख्य भूमीवरून अरुंद पूल आहे. तो १९६०च्या दशकातला. त्याआधी होडीच.

एवढ्याशा जागेला महत्त्व कशाचं? वाऱ्याचं. लिस्बनहून गोव्याला निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून इथे टेकायची आणि नैऋत्येचा मोसमी वारा धरून आपल्याकडे सुटायची. वारा हुकला, की महिनोन् महिने मुक्काम. तापाने कित्येक खलाशी इथेच गेले. बंदर मात्र पोर्तुगीजांनी वसवलेलं नाही बरं का. वास्को द गामा १४९८ मध्ये आला, तेव्हा इथे मुसलमान व्यापाऱ्यांची नांदती पेठ होती.

आणि आपला संबंध? १७५२ पर्यंत या मुलखाचा कारभार गोव्यातून चालायचा. दीवच्या वाण्यांना १६८६ मध्ये दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता मिळाला. इकडून कापड, तिकडून हस्तिदंत. पुढे माणसांचाही व्यापार वाढला. डिसेंबर १७९४ मध्ये चारशेहून अधिक गुलाम भरून ‘साओ जोझे’ हे जहाज इथूनच ब्राझीलला निघालं. केप टाऊनजवळ ते फुटलं आणि दोनशेहून जास्त गुलाम बुडून मेले.

उत्तर टोकाला साओ सेबास्तियाओचा किल्ला आहे. काम सुरू झालं १५५८ मध्ये. १६०७ आणि १६०८, लागोपाठ दोन वर्षं डचांनी वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. तट भक्कम होता हे खरंच. पण मला विचाराल तर निम्मं श्रेय पाण्याच्या टाक्याला. बेटावर गोड्या पाण्याची बोंब. त्यामुळे गच्चीवर पडणारा पाऊस पन्हळींतून खाली टाक्यात नेलेला. आपल्या गडांवरची टाकी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. किल्ल्याशेजारच्या दगडी गावातही तीच युक्ती: सपाट धाबं, चुन्याचा गिलावा, पोटात टाकं.

बहुतेक पाहुणे हे दगडी गाव बघतात, फोटो काढतात, परततात. तुम्ही मात्र दक्षिणेकडे चालत राहा. दगडी वाडे संपतात आणि माकूती लागतं. माकूती म्हणजे नारळाच्या झावळ्यांचं छप्पर. कोकणातली झापं आठवा. बेटावरची बहुतेक वस्ती याच भागात, दाटीवाटीने. इथे चालताना एक विचित्र गोष्ट जाणवते. रस्ता वर आणि घरं खाली, कधी कधी तर छपरं आपल्या डोळ्यांच्या पातळीला.

का? कारण उत्तरेकडचे वाडे बांधायला लागलेला प्रवाळाचा दगड इथूनच खणून काढला. खाणीच्या खड्ड्यांत मग गरिबांची घरं उभी राहिली. १८९८ मध्ये राजधानी लोरेन्सो मार्किशला, म्हणजे आजच्या मापुटोला गेली. वाडे ओस पडू लागले, खड्ड्यातली वस्ती राहिली.

१९९१ मध्ये युनेस्कोने बेट जागतिक वारशात घेतलं तेव्हा अख्खं घेतलं, माकूतीसकट. हे फार बरं केलं. पण वारसा म्हटला की छायाचित्रात येतात ते वाडेच. मार्च २०२२ मध्ये गोम्बे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, त्यात झापांची छपरं उडाली. वादळ नसलं तरी दर पावसाळ्यात एकाच ढगातलं पाणी उत्तरेला टाक्यात साठतं आणि दक्षिणेला लोकांच्या घरात शिरतं.