कोपी त्यांची, जागा दुसऱ्याची

संकेश्वर-बांदा रस्त्यानं आजऱ्याकडं येताना हंगामात माळावर कोप्या दिसतात. बांबू, पाचट, वर ताडपत्री. बीडकडनं आलेल्या जोडप्यांनी स्वतःच्या हातानं उभं केलेलं घर. हंगाम संपला की मोडायचं आणि गाडीत घालायचं. घर त्यांचं, जागा दुसऱ्याची. पाणी, लाइट, संडास मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर.

ते दिलं नाही तर दंड कुणाला आणि किती? म्हणून जुना कायदा काढून बसलो.

ओडिशातल्या ‘दादन’ मजुरांच्या हालांतून १९७९ साली केंद्राचा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आला. कलम १६ सांगतं, मजुराला राहायला योग्य जागा ठेकेदारानं द्यायची. त्यानं दिली नाही तर मूळ मालकानं. मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता गंमत बघा. हा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यालाच लागू. बीडचं जोडपं मुकादमाबरोबर संकेश्वरला गेलं तर कर्नाटक, म्हणजे कायद्यात बसलं. तेच जोडपं तिथनं तासाभराच्या अंतरावर आजऱ्यात उतरलं तर महाराष्ट्रच, म्हणजे कायद्याबाहेर. कोपी तीच, थंडी तीच, लेकरंही तीच.

आणि जे बसले त्यांचं तरी काय? निरीक्षकाच्या तक्रारीशिवाय किंवा लेखी मंजुरीशिवाय कोर्ट खटला घेऊ शकत नव्हतं. निरीक्षक येऊन कागद हलेपर्यंत हंगाम संपतो, टोळी गावाला जाते. दंड झालाच, तर सरकारजमा. कोपीतल्या बाईच्या हातात काय? काही नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात असाच पेच होता. फिरत्या घरांच्या वसाहतीत घर रहिवाशाचं, जमीन मालकाची. तिथल्या १९७८ च्या कायद्यानं रहिवाशाला स्वतः कोर्टात जायचा रस्ता दिला. मालकानं मुद्दाम नियम मोडला असं ठरलं, तर नुकसानभरपाईशिवाय प्रत्येक वेळचे २,००० डॉलरपर्यंत कोर्ट रहिवाशालाच देऊ शकतं. तक्रार ज्याची, पैसाही त्याचा.

आपल्याकडं २०२० ची कामगार सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९७९ चा कायदा तिच्यात विरला. सर्वसाधारण दंड आता २ ते ३ लाख रुपये, तोही कोर्टाऐवजी अधिकारीच ठरवणार. ऐकायला बरं वाटतं. पण स्थलांतरितांच्या प्रकरणातनं राहत्या जागेची ती जुनी सक्तीच गेली. बांधकाम मजुरांसाठी तात्पुरत्या निवाऱ्याची तरतूद आहे, ऊसतोड्यांसाठी तशी नाही. दंड वाढला, आणि ज्यासाठी दंड करायचा ते कलमच गायब!

माझं म्हणणं एवढंच. राज्यानं स्वतःचा कायदा करावा. मजूर बीडचा असो की विजापूरचा, तळावर पाणी, संडास आणि लाइट सक्तीचं. तक्रार मजुरानं थेट करायची, निकाल हंगाम संपायच्या आत, आणि दंडाची रक्कम त्याच्याच हातात.

साखर आपण सगळेच खातो. पुढच्या वेळी त्या माळावरनं जाताना गाडी जरा हळू घ्या आणि बघा, पाण्याची टाकी कुठं दिसते का.