टिळक आणि आगरकर : एक मैत्री कशी जुळली, कशी तुटली

१/ टिळक आणि आगरकर ही नावे जोडीने घेतली की पुढचा शब्द बहुधा ‘वाद’ असतो. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ एवढ्या एका ओळीत तो आटोपला जातो. पण हा मतभेद त्यांच्या मैत्रीच्या पहिल्या वर्षापासूनच होता, आणि तरीही ते पुढे आठ वर्षे खांद्याला खांदा लावून काम करीत राहिले. मग मैत्री टिकली कशावर, आणि तुटली कशाने? आजचा थ्रेड याविषयी.

२/ दोघेही १८५६ च्या जुलै महिन्यात जन्मले. आगरकर १४ तारखेला कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, टिळक २३ तारखेला रत्नागिरीत. वयात अंतर अवघ्या नऊ दिवसांचे. परिस्थितीत मात्र फार मोठे. टिळकांचे वडील शिक्षण खात्यात अधिकारी होते आणि घराणे खोताचे. आगरकर नातलगांच्या आश्रयाने आणि मिळेल ते काम करून शिकले.

३/ गाठ पडली ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८७९ साली टिळक एलएल.बी.चा अभ्यास करीत होते, आगरकर एम.ए.चा. देशाची ही अवस्था का झाली आणि आपण काय करावे, यावर रात्र रात्र वाद चालत. टिळकांचा ओढा राजकीय स्वातंत्र्याकडे, आगरकरांचा समाजसुधारणेकडे. यात कोणीही हार मानली नाही.

४/ त्यांनी शोधली ती दोघांनाही मान्य होणारी कृती : शिक्षण. राजकीय हक्क मागण्यासाठी शिकलेला समाज हवा आणि रूढी मोडण्यासाठीही तोच हवा. ही मैत्री मतैक्यावर उभी नव्हती. दोघांच्या वाटांच्या सामाईक टप्प्यावर ती उभी होती. वाटा फुटण्याची जागा तेव्हा दूर होती, म्हणून ती दिसत असूनही बोचत नव्हती.

५/ नात्याला दुसरा आधार मिळाला तो त्यागाचा. दोघांनाही चांगल्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. घरच्या गरिबीतून वर आलेल्या आगरकरांना तर आपल्या आईला पत्र लिहून कळवावे लागले की, मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. सुखावर एकत्र पाणी सोडणारी माणसे एकमेकांना लवकर आपली मानतात. कारण त्या निर्णयाची किंमत बाहेरच्यांना कळत नाही.

६/ १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम.ए. झाल्यावर आगरकरही तेथे रुजू झाले. जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ निघाले. ‘केसरी’चे संपादक होते आगरकर! आज अनेकांना याचे आश्चर्य वाटते.

७/ मग आली कसोटी. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे या वृत्तपत्रांनी छापली. ती बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिले. सोबत भोगलेल्या शिक्षेने मैत्री अधिक घट्ट झाली.

८/ १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आणि येथूनच तडे दिसू लागले. चार मित्रांची शाळा आता संस्था झाली होती. जे पूर्वी शब्दावर चाले, त्याला नियम, ठराव आणि मतदान लागू लागले.

९/ पहिला तडा पैशाचा. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर राहावे, बाहेर कमाई करू नये, यावर टिळकांचा कटाक्ष. संसार वाढलेल्या आगरकरांसह काहींना वेतनवाढ रास्त वाटे. टिळकांना त्यात मूळ प्रतिज्ञेचा भंग दिसला, आगरकरांना नकारात कठोरपणा. ज्या त्यागाने दोघे जवळ आले, त्याच त्यागाचे मोजमाप आता वादाचा विषय झाले. नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या दोघांना ओढग्रस्तीचा अर्थ कधी सारखा नव्हताच.

१०/ दुसरा तडा ‘केसरी’चा. त्या काळी अग्रलेखाखाली लेखकाचे नाव नसे; जे छापले जाई ते साऱ्या मंडळींचे मत ठरे. बालविवाह, संमतिवय यांवर आगरकर लिहीत ते टिळकांच्याही माथी येई. वसतिगृहाच्या खोलीत दोन मते सुखाने नांदली. एका अग्रलेखात ती मावेनात. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला.

११/ १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. लगेच १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलींसाठी वयाची मर्यादा १० वरून १२ वर्षे झाली. टिळकांचा सरकारी हस्तक्षेपाला विरोध, आगरकरांचा कायद्याला पाठिंबा. दोन्ही पत्रांतली भाषा बोचरी, क्वचित व्यक्तिगत झाली. परक्याला न कळणारी मर्मस्थाने जुन्या मित्राला ठाऊक असतात.

१२/ १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, आगरकर गेले. तेव्हा ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. मतभेद बाजूला ठेवून त्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या गुणांची नोंद केली.

१३/ या मैत्रीला आपण ‘अयशस्वी’ म्हणावे का? तिच्यातून एक शाळा, एक महाविद्यालय आणि दोन वृत्तपत्रे जन्मली. तिच्या तुटण्यातून तिसरे. मतभेदाने मैत्री मोडते हे अर्धसत्य आहे. मतभेद त्यांनी आठ वर्षे सांभाळला. मोडली ती त्याला वेगळी जागा उरली नाही तेव्हा : एकच तिजोरी, एकच अग्रलेख, आणि दोघांपैकी एकाचाच शब्द चालणार अशी वेळ. ज्यांनी मित्रांसोबत काही उभारले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.