गुत्ता, ताडीचे दुकान आणि परमिट रूम : कर्जत-खालापूर परिसरातील सामूहिक मद्यपानाचा इतिहास (विशेष संदर्भ : पळसदरी)

प्रस्तावना

मद्यपानाचा विचार मराठीत प्रामुख्याने व्यसन, दारूबंदी आणि महसूल या तीन अंगांनी झाला आहे. चार ओळखीची माणसे एकत्र बसून खातात-पितात, या साध्या सामाजिक व्यवहाराचा इतिहास मात्र फारसा मांडला गेलेला नाही. हा व्यवहार जिथे चालतो त्या जागांची नावे पाहिली तरी एक गोष्ट लक्षात येते. जुन्या मराठीत गुत्ता म्हणजे मक्ता. मराठवाड्यात गुत्तेदार हा शब्द आजही कंत्राटदारासाठी रूढ आहे. ठेका म्हणजेही मक्ताच. सरकारमान्य देशी दारूचे दुकान आणि परमिट रूम ही नावे तर सरळ परवान्यावरून आलेली आहेत. मित्रांनी बसण्याच्या जागेला मैत्रीवरून, खाण्यावरून किंवा पेयावरून नाव न पडता ते महसूल खात्याच्या दप्तरावरून पडावे, हे आकस्मिक नाही. कर्जत व खालापूर तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यात ही जागा कायद्यानेच कशी घडवली आणि त्यासाठी कोणाला किंमत मोजावी लागली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पळसदरी हे बोरघाटाच्या पायथ्याचे गाव. कर्जतहून निघालेला लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा घाट चढून लोणावळ्याकडे जातो, तर दुसरा केळवली, डोळवली, लौजीमार्गे खोपोलीस जातो. १८५६ मध्ये रेल्वे पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचली. घाटाचे काम त्याच वर्षी सुरू होऊन १८६३ मध्ये पूर्ण झाले. कामाच्या भरात तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. रोख मजुरीवर जगणारा एवढा मोठा समुदाय या डोंगरांनी त्यापूर्वी पाहिलेला नव्हता. आसपासच्या पाड्यांवर मात्र ठाकर व कातकरी यांचे जीवन जंगल, डोंगरउतारावरची नाचणी-वरी आणि मोहाचे झाड यांच्याभोवतीच फिरत होते.

पाड्यावरची दारू

मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून ठेवली की पुढील कित्येक महिने टिकतात. घरातील धान्य संपत आलेले असते अशा दिवसांत ही फुले उकडून वा भाजून खाल्ली जात. दारू हा त्यांचा एक उपयोग होता, एकमेव नव्हे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. फुले पाण्यात आंबवून, मडक्यावर मडके ठेवून त्यांचा अर्क काढण्याची रीत घराघरांत माहीत होती. लग्न, बारसे, पेरणीनंतरचा विसावा, मयताचा दिवस अशा प्रसंगी ती लागे. पहिले थेंब देवाच्या व पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सांडायचे आणि मग पानाच्या द्रोणातून सर्वांनी घ्यायचे, अशी रीत पश्चिम भारतातील आदिवासींत सर्वत्र आढळते. ज्या गावाच्या नावातच पळस आहे तेथे द्रोणासाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. सोबत भाजलेली मासळी, खेकडे, कंद असे जे मिळेल ते असे. स्त्रियाही या बैठकीत असत. या व्यवहारात विकणारा आणि विकत घेणारा असे दोन पक्षच नव्हते. आज एकाने काढली, उद्या दुसऱ्याने काढायची, एवढाच हिशेब असे.

या जीवनाचे अतिरेकी गौरवीकरण करण्याचे कारण नाही. दारूपायी भांडणे तेव्हाही होत असणार. परंतु पिण्याची वेळ, प्रमाण आणि सोबत या तिन्ही गोष्टी पाड्याच्या हातात होत्या, हे नाकारता येत नाही.

१८७८ आणि १८९२

मुंबई अबकारी अधिनियम, १८७८ याने हे चित्र मुळापासून बदलले. घरगुती भट्टी बेकायदा ठरली. गाळप ठरावीक मध्यवर्ती भट्ट्यांतच व्हावे, विक्री परवानाधारक दुकानातूनच व्हावी आणि ताडाच्या झाडाला छेद देण्यासाठीही झाडामागे कर भरावा, अशी व्यवस्था आली. किनाऱ्यावरील भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय तिने मोडकळीस आणला. त्याची चर्चा बरीच झाली आहे. डोंगरातल्या मोहाचे काय झाले, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांना दारू पुरवणाऱ्या मोठ्या भट्ट्या उरण येथे होत्या. त्या मुख्यतः पारशी व्यापाऱ्यांच्या ताब्यात होत्या आणि तेथे गाळली जाणारी दारूही मोहाचीच होती. त्यासाठी लागणारी फुले पंचमहालासारख्या दूरच्या भागांतून येत. कर्जतच्या डोंगरात पहाटे गळणारे फूल मात्र सरकारच्या दृष्टीने चोरट्या दारूचा कच्चा माल होते. पाड्यावर फुले उपलब्ध असेपर्यंत दुकानातील कर भरलेली दारू खपणार नाही, हे अबकारी खात्याला उमगले होते. त्यातून १८९२ चा मोहफुलांविषयीचा कायदा आला. ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर त्याने निर्बंध घातले. कर्जत तालुका आदल्याच वर्षी, १८९१ मध्ये, ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात आला होता. पण कायदा दोन्ही जिल्ह्यांना लागू असल्याने या बदलाचा काहीही उपयोग नव्हता.

या कायद्याची धार समजून घ्यायला हवी. १८७८ मध्ये भट्टी गुन्हा ठरली होती. १८९२ मध्ये फूलच संशयित ठरले. चैत्र-वैशाखात घरात वाळत घातलेली फुले उपासमारीवरचा उपाय आहेत की दारूची तयारी, याचा निर्णय आता शिपायाच्या मर्जीवर होता. महसुलासाठी केलेल्या कायद्याने अन्नावर हात टाकल्याचे याहून स्पष्ट उदाहरण या प्रदेशाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. महसूल मात्र भरभरून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात भूमहसुलाखालोखाल अबकारीचे उत्पन्न होते.

दुकानातील बैठक

पिणे थांबले नाही; त्याची जागा बदलली. पाड्यावरील अंगण सुटून रस्त्यालगतचे, बाजाराच्या गावातले दुकान आले. तेथे द्रोणाऐवजी माप आले. नवटाक, म्हणजे शेराचा आठवा भाग, हे वजनमाप दशमान पद्धतीनंतर बाजारातून गेले. पण पिणाऱ्यांच्या बोलण्यात ते पुढेही टिकून राहिले. बसायला बाकडे आणि सोबत चणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी, सुके बोंबील असा चखणा. चाखणे या क्रियापदावरून आलेला हा शब्दच सांगतो की हे पोट भरण्याचे खाणे नव्हे, पिणे पुढे रेटण्याचे आहे. पाड्यावरची मासळी जेवणाचा भाग होती. दुकानातला बोंबील हा विकावयाचा जिन्नस झाला. स्त्रिया या बैठकीतून जवळजवळ बाहेर गेल्या. त्यांच्या वाट्याला बैठक संपल्यानंतरचे घर तेवढे उरले.

सर्वात मोठा बदल पैशाचा होता. ज्याच्याजवळ रोख नाही त्याला उधार मिळे आणि उधारीतून कर्ज वाढे. दुकानदार, सावकार आणि जंगलाचा ठेकेदार हे अनेकदा परस्परांशी बांधलेले, क्वचित एकच असत. कोळसा पाडणे, लाकूडतोड आणि पुढे वीटभट्टी यांसाठी कातकऱ्यांना उचल देऊन हंगामभर बांधून घेण्याची पद्धत या भागात दीर्घकाळ चालली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानंतरही उचलीचा हा फास पूर्णपणे सुटलेला नाही. ‘कातकरी दारूपायी बुडाला’ हे गावोगाव ऐकू येणारे वाक्य ही साखळी तोडून फक्त तिची शेवटची कडी दाखवते.

याच काळात शहरी मराठी मनाने मद्यपानाची जी कल्पना केली ती अगदी वेगळी होती. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’त पिणारी मंडळी ‘आर्य मदिरा मंडळ’ स्थापन करतात. सुशिक्षितांच्या सभा-संमेलनांची ती खिल्ली होती. तेथे नायक स्वभावदोषाने आणि संगतीने बुडतो. मक्ता, परवाना, उधारी यांचा प्रश्न येत नाही. महात्मा फुले यांची दृष्टी या बाबतीत अधिक नेमकी होती. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला लिहिताना त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढण्याला विरोध केला, म्हणजेच बोट व्यक्तीकडे न दाखवता दुकानाकडे दाखवले.

कोरियातील समांतर अनुभव

हीच घडामोड आशियाच्या दुसऱ्या टोकाला, कोरियात, जवळजवळ त्याच क्रमाने झाली. तो देश या जिल्ह्याला आता अगदी परका राहिलेला नाही. माणगाव तालुक्यातील विळे-भागाड येथे पोस्को या कोरियन कंपनीचा पोलाद प्रक्रिया प्रकल्प उभा आहे आणि पुण्या-मुंबईत कोरियन पद्धतीची उपाहारगृहे तरुणांना परिचित झाली आहेत. तेथील मित्रांची अघळपघळ बैठक, एकमेकांचे पेले भरण्याची रीत, वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी ओतून देण्याचा संकेत, हे सारे चित्रपट-मालिकांमुळे इकडे ठाऊक झाले आहे. या पेयांमागचा कायद्याचा इतिहास मात्र तेवढा ठाऊक नाही.

जोसन राजवटीत तांदळाची मद्ये घरोघर बनत आणि पूर्वजांच्या पूजेत ती लागत. रस्त्यांवर ‘जुमाक’ नावाच्या खानावळवजा धर्तीच्या मुक्कामाच्या जागा असत. जपानी वर्चस्वाखाली १९०९ मध्ये मद्यकराचा कायदा आला. १९१६ च्या आदेशाने तो कडक झाला आणि १९३४ पर्यंत घरगुती वापरासाठी मद्य बनवण्याचे परवानेही बंद झाले. स्वातंत्र्यानंतरही धोरण फारसे सैल झाले नाही. तांदूळ वाचवण्यासाठी १९६५ मध्ये धान्यापासून सोजू गाळण्यास मनाई झाली आणि कंदमुळांपासून काढलेल्या मद्यार्कात पाणी मिसळून केलेला स्वस्त सोजू घरोघर पोहोचला. आज हिरव्या बाटलीतून जगभर जाणारे ‘राष्ट्रीय’ पेय मुख्यतः या कायद्याचे अपत्य आहे. कोरियन युद्धानंतर शहरांत वाढलेल्या ताडपत्रीच्या गाड्यांवर ते वाळवलेल्या मासळीबरोबर प्यायले जाई. पेयासोबतच्या अशा खाण्याला तिकडे ‘आन्जू’ म्हणतात. वाळवलेली मासळी आणि वाळवलेला बोंबील यांतील साम्य गमतीचे आहे. खरे साम्य मात्र घरातून दुकानात झालेल्या स्थलांतराचे आहे. फरक एवढाच की कोरियात १९९५ पासून स्वतःच्या वापरासाठी घरी मद्य बनवण्याची मुभा मिळाली आणि विस्मृतीत गेलेल्या घरगुती पाककृती पुन्हा शोधल्या जाऊ लागल्या.

दारूबंदी आणि परमिट रूम

मुंबई इलाख्यात याउलट दुकानेच बंद करण्याचे धोरण आले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी केली. बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी शहरी मालमत्तेवर कर बसवावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. मुंबईत त्याच्या छायेत ‘आंटीचे अड्डे’ वाढले आणि खेड्यांत हातभट्टी वाढली. पाड्यावरचे कसब आता पुन्हा कामाला आले, पण चोरट्या मालाच्या व्यापाऱ्यासाठी. छाप्यात सापडे ती भट्टीजवळची बाई किंवा डबा वाहणारा पोरगा. माल ज्याचा असे तो क्वचितच.

१९६० च्या दशकात ताडीपासून सुरुवात करून धोरण टप्प्याटप्प्याने शिथिल झाले आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकाने परवान्यावर आली. परमिट रूम हे या तडजोडीचे सर्वांत चमत्कारिक फळ आहे. कायदा नावाने दारूबंदीचाच असल्यामुळे पिणाऱ्याजवळ वैयक्तिक परवाना असणे अपेक्षित, म्हणून ती परमिटवाल्यांची खोली. कर्जत-खोपोलीच्या रस्त्यावर पाटीवर हा शब्द वाचून आत जाणाऱ्यांपैकी परवाना जवळ बाळगणारे किती असतील, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

पळसदरीचे आजचे चित्र या सर्व थरांचे बनले आहे. लोकलने तासा-दोन तासांत येणारे शहरी मित्रांचे गट, शेतघरे, तलाव आणि धबधबे यांमुळे पावसाळ्यात हा परिसर गजबजतो. अपघात वाढू लागल्यावर जिल्हा प्रशासन या तालुक्यांतील धबधबे-धरणांच्या भोवती हंगामी मनाई आदेश काढत आले आहे व त्यांत मद्यपानाचाही समावेश असतो. शेतघराच्या कुंपणाआड हा आदेश पोहोचत नाही. तेथील राखणदार आणि स्वयंपाकी अनेकदा जवळच्या वाडीतलेच असतात.

स्त्रियांनी या इतिहासात केलेला हस्तक्षेप वेगळा नोंदवला पाहिजे. २००८ च्या शासकीय आदेशाने गावातील वा प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी गुप्त मतदानात ‘आडवी बाटली’ निवडल्यास दुकान बंद करण्याची तरतूद झाली. पाड्यावरच्या बैठकीतून दुकानाने ज्यांना वगळले होते, त्यांनाच दुकानाच्या अस्तित्वावर मत मिळाले. अनेक गावांत हे अधिकार प्रत्यक्ष वापरले गेले. तरीही परवान्याचे दुकान बंद होताच हातभट्टी फोफावण्याचा धोका राहतो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली, ती स्वस्त व चोरट्या मालाच्या या बाजारातच.

२०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवणूक व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. १८९२ मध्ये संशयित ठरलेले फूल, सव्वाशेहून अधिक वर्षांनी, पाड्यावरच्या माणसाला मोकळेपणाने वेचता व विकता येऊ लागले. ते आंबवून लग्नाच्या दिवशी घरच्या मंडळींसाठी गाळणे हा मात्र परवान्याशिवाय आजही गुन्हाच आहे.