घरगुती पवनचक्की : माळावरच्या वस्तीला वाऱ्यावर किती लाईट मिळते, चक्की कशी बनते आणि बिघडली तर काय बघायचं

आटपाडी : साताऱ्याकडं चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर आणि सांगली जिल्ह्यात ढालगावच्या बाजूला मोठ्या पवनचक्क्या सगळ्यांनी पाहिल्यात. राज्यात वाऱ्यापासून वीज करण्याची सुरुवात १९८६ मध्ये रत्नागिरीला झाली. पुढं चक्क्या घाटमाथ्यावर आणि माळरानावर आल्या. पण त्यांची वीज मोठ्या लाईनीत जाते. चक्कीखालच्या वस्तीवर त्यातून वेगळा दिवा लागत नाही. गावठाणापासून लांब, खांब न पोचलेल्या मळ्यातल्या घराला म्हणूनच प्रश्न पडतो, की आपल्यापुरती छोटी चक्की आपल्याला करता येईल का.

करता येते. जगात हे काम जुनं आहे. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकानं १८८७ साली कापडी शिडांची चक्की उभी करून बॅटऱ्या चार्ज केल्या आणि घरात दिवे लावले. त्याच देशात स्कोरेग या लाईन नसलेल्या वस्तीवर राहणाऱ्या ह्यू पिगट यांनी लाकडी पाती, गाडीचा हब आणि चुंबकाच्या तबकड्या वापरून एक रचना बसवली. आज घरी बनणाऱ्या बऱ्याच चक्क्या त्याच रचनेच्या असतात. आफ्रिकेतल्या मलावीत दुष्काळाच्या काळात शाळा सुटलेल्या विल्यम कामक्वांबा या पोरानं २००२ च्या सुमारास ट्रॅक्टरचा पंखा, प्लास्टिकच्या पाइपची पाती आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरात बल्ब लावला. त्याची गोष्ट मोबाईलवर बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मात्र सायकलचा डायनॅमो साधारण ३ वॅटचा असतो. त्यावर एखादा छोटा बल्ब लागतो, घर चालत नाही.

आधी वारा मोजा

इथं सगळ्यात जास्त फसगत होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. २.४ मीटर (आठ फूट) व्यासाची, नीट बनवलेली चक्की सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात जेमतेम १५ वॅट देते. ५ मीटरला ८० ते ९० वॅट मिळतात आणि १० मीटरला साडेसहाशेच्या पुढं जाते. म्हणजे झाडीत, ओढ्यात किंवा घराच्या आडोशाला लावलेली चक्की दिसायला फिरते, पण बॅटरीत काही जात नाही.

मोजायला यंत्र नसेल तर डोळ्यानं अंदाज येतो. नुसती पानं सळसळत असतील तर वारा दोन-तीन मीटरचा. देवळावरचा ध्वज पसरून राहिला, बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या की चार-पाच मीटर. धुरळा आणि कागद उडायला लागले की सहा-सातच्या पुढं. लहान झाडं अख्खी डोलायला लागली म्हणजे आठच्या वर. महिनाभर सकाळ, दुपार, रात्र अशी वहीत नोंद केली तर पुढचे हजारो रुपये वाचतात.

आटपाडीचा वारा बारमाही नाही. तालुका पर्जन्यछायेत आहे. ज्येष्ठ-आषाढात ढग डोक्यावरून पळतात, पाऊस टिपूसभर आणि वारा मात्र जोराचा. चक्कीचा हंगाम हाच, साधारण जून ते ऑगस्ट. दिवाळीनंतर वारा पडतो आणि हिवाळाभर चक्की बहुतेक नुसती उभी राहते. सरासरी ५ मीटरच्या महिन्यात आठ फुटी चक्की दिवसाला अडीच-तीन युनिट देईल. ३ मीटरच्या महिन्यात अर्धं-पाऊण युनिटसुद्धा अवघड.

म्हणून हिशेब सरळ आहे. पहिला पैसा सोलरच्या पॅनेलवर घालावा. ३३० वॅटचं एक पॅनेल कडक उन्हात दिवसाला सव्वा-दीड युनिट देतं आणि त्यात फिरणारा भाग एकही नाही. चक्की त्याच्या जोडीला. पावसाळ्यात ढगांमुळं पॅनेल कमी पडतं तेव्हाच वारा असतो, आणि रात्रीही असतो. उघड्या माळावर किंवा टेकाच्या माथ्यावर वस्ती असेल तरच ही जोडी परवडते. खोलगट मळ्यात राहणाऱ्यानं चक्कीचा नाद सोडलेला बरा.

बनवायची कशी

सामान बहुतेक तालुक्यातच मिळतं. बोअरच्या मोटारी भरणारा रिवायंडिंगवाला कॉइल गुंडाळून देतो, फॅब्रिकेशनवाला सांगाडा करतो, पाती सुताराकडं. बाहेरून मागवावे लागतात ते निओडिमियमचे ताकदवान चुंबक. चुंबक आणि तांब्याची तार हाच मोठा खर्च.

दोन लोखंडी तबकड्यांवर चुंबक चिकटवतात आणि मधल्या फटीत कॉइलची चकती बसवतात. एका तबकडीवर १२ चुंबक असतील तर मध्ये ९ कॉइल, तीन-तीनच्या तीन फेजमध्ये जोडलेल्या. कॉइल रेझिनमध्ये ओततात म्हणजे हलत नाहीत. तबकड्या एकमेकींवर बसवताना हात मध्ये घालू नये. चुंबक झडप घालतात आणि बोट चेपतं. लांब बोल्ट-नटवर हळूहळू खाली उतरवाव्यात.

गाडीचा जुना अल्टरनेटर सरळ लावण्याची चूक पुष्कळ जण करतात. त्याला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात. आठ फुटी चक्की मध्यम वाऱ्यात २४० च्या आसपास फिरते. पट्टा आणि पुली लावली तर मिळालेली थोडी ताकद तिथंच खर्च होते. नुसतं शिकायचं असेल तर इलेक्ट्रिक सायकलच्या चाकातली जुनी मोटार बरी, ती हळू फिरूनही वीज देते.

पाती तीन. लाकूड हलकं, सरळ रेषेचं, गाठ नसलेलं हवं. बाभळ नको. पातं मध्याजवळ जास्त पिळाचं, टोकाला जवळजवळ सपाट. तिन्हींचं वजन आणि तोल सारखा नसेल तर खांब थरथरतो आणि बेअरिंग जातं. पीव्हीसी पाइपची पाती तीन-चार फुटी चक्कीपर्यंत ठीक. मोठ्या चक्कीला ती उन्हानं ठिसूळ होऊन तुटतात. जोराच्या वाऱ्यात पात्याचं टोक ताशी २०० किलोमीटरच्या वर पळतं. तुटलेलं पातं कुठं जाऊन पडेल हे सांगता येत नाही, म्हणून घर, गोठा आणि पोरांची खेळायची जागा यांपासून चक्की लांबच हवी.

शेपटीकडं लोक नक्षी म्हणून बघतात, पण चक्कीचा जीव तिच्यात आहे. पंख्याचा मध्य खांबाच्या मध्यापासून चार-पाच इंच बाजूला ठेवतात आणि शेपूट तिरप्या बिजागरीवर टांगतात. वारा फार वाढला की पंखा आपोआप बाजूला वळतो, शेपूट वर उचलते. वारा उतरला की शेपटीच्या वजनानंच पंखा परत समोर येतो. "हलते फार" म्हणून शेपूट वेल्डिंगनं पक्की केली, तर पहिल्याच वळवाच्या वावटळीत कॉइल जळते नाहीतर पाती उडतात.

खांब, वायर आणि बॅटरी

दीडशे मीटरच्या आतल्या झाड-घरापेक्षा पात्याचं खालचं टोक तीस फूट उंच असावं, असा जुना नियम आहे. खांब ताणतारांवर उभा आणि खाली आडवा करता येईल असा बिजागरीचा करावा. दुरुस्तीला कुणी वर चढायचं नाही, चक्कीच खाली आणायची. उभारणी हिवाळ्यात, वारा पडलेला असताना. वीज पडण्याचा धोका असतो, त्यामुळं खांबाला अर्थिंग हवंच.

घर लांब असेल तर १२ व्होल्टवर वायरमध्येच वीज मरते. ५०० वॅट १२ व्होल्टवर आणायला ४२ अँपिअर लागतात, ४८ व्होल्टवर दहाच्या आसपास.

सोलरचा कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनेल तोडतो. चक्कीला तो चालत नाही. भार सुटला की चक्की मोकाट पळते. बॅटरी भरल्यावर जादा वीज हीटरच्या तारेत जाईल असा वेगळा कंट्रोलर लागतो. तसंच खाली एक ब्रेक स्विच हवा, तिन्ही फेज एकत्र जोडणारा. तो वारा वाढायच्या आधी टाकायचा. ऐन वादळात टाकला तर चक्की थांबतेच असं नाही, कॉइल मात्र तापते.

बिघाड कसा ओळखायचा

वारा आहे पण बॅटरीत करंट नाही, तर आधी चक्कीच्या तिन्ही वायरी रेक्टिफायरपासून सोडवाव्यात आणि हातानं पंखा फिरवावा. तो मोकळा फिरला पाहिजे. जड लागला तर कॉइल किंवा खांबातली वायर शॉर्ट आहे. सोडवल्यावर मोकळा आणि जोडल्यावर जड, तर रेक्टिफायर जळलाय. तो स्वस्त असतो, एक जादा घरात ठेवावा.

मग तिन्ही वायरी एकत्र जोडून फिरवावं. आता पंखा एकसारखा जड लागायला हवा. धक्के देत फिरला तर एक फेज तुटलीय, अजिबात जड लागला नाही तर दोन फेज गेल्यात. मीटर असेल तर पंखा फिरत असताना दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज बघावं. तिन्ही जोड्यांत सारखं आलं पाहिजे. बहुतेक वेळा दोष कॉइलमध्ये नसतोच. चक्की वाऱ्यासोबत गोल फिरते, खांबातल्या वायरीला पीळ बसतो आणि ती तुटते. वर्षातून एकदा खालचं टोक सोडून पीळ काढला की झालं.

घासल्याचा आवाज येत असेल तर चक्की तिथंच थांबवावी. बेअरिंग सैल झालं असेल, किंवा चुंबकात पाणी शिरून गंज आला असेल. निओडिमियम गंजला की फुगतो, रेझिन फोडतो आणि कॉइलला घासतो.

दरवर्षी चैत्रात, वळवाच्या आधी, चक्की खाली घेऊन ताणतारांचे क्लॅम्प आवळावेत, बेअरिंगला ग्रीस भरावं, पात्याच्या पुढच्या धारेवरचे टवके भरून रंग द्यावा.

स्वतःपुरती वीज करायला २००३ च्या वीज कायद्यानुसार परवाना लागत नाही. पण घरात महावितरणची लाईनही असेल तर दोन्ही एकत्र जोडू नयेत. मध्ये चेंजओव्हर स्विच बसवावा. नाहीतर लाईट गेली म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या चक्कीचा शॉक बसेल.